नोंद आहे, योग्या कुठे?

वैद्याने आपला व्यवसाय काही वर्षे थांबवणे हा दोष नव्हे. प्रसूती, लहान मुलांचे संगोपन, वृद्ध सासू-सासऱ्यांची शुश्रूषा, पतीची बदली, स्वतःचे आजारपण, घरच्या शेतीची अचानक अंगावर पडलेली जबाबदारी, क्वचित परदेशवास, अशी कितीतरी कारणे त्यामागे असतात आणि त्यांतील बहुतेक कारणे आदरास पात्र असतात. थांबलेल्या वैद्याला पुन्हा उभे राहण्याची रीत मात्र आपण आजवर ठरवली नाही. हा दोष कोणा एका व्यक्तीचा नाही, तो आपणा सर्वांचा आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याविषयी आमचे मत वैद्यवर्गापुढे ठेवत आहोत.

निमित्त घडले ते असे. निफाड परिसरात द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीची धांदल चालू होती. दवाखान्यात मान, खांदा आणि कंबर धरून येणाऱ्या मजुरांची रीघ लागली होती. अशा गर्दीत दुपारी एक वैद्य भगिनी भेटीस आल्या. बी.ए.एम.एस. झालेल्या, आंतरवासिता मनापासून केलेल्या, त्यानंतर दोन वर्षे उत्तम व्यवसाय केलेल्या आणि मग संसारामुळे अकरा वर्षे रुग्णापासून दूर राहिलेल्या. मध्यंतरी नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले होते. ते त्यांनी नुकतेच रीतसर पूर्ण करून घेतले होते आणि तो कागद त्यांच्या पिशवीत होता. त्या म्हणाल्या, "सर, कागद मिळाला. पण रुग्ण समोर बसला की हात थबकतो. बस्ती द्यायची म्हटली तर धीर होत नाही. कुणापाशी चार महिने बसता येईल का? नुसते पाहायला, आणि कुणी समोर असताना करायला?"

या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी जागा आहे, पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळवणाऱ्यासाठी जागा आहे. परंतु अकरा वर्षांनी परत येऊ पाहणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या, घर सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या पदवीधर वैद्यासाठी आपल्या व्यवस्थेत नेमकी जागा कोणती, हे आम्हांस सांगता आले नाही.

त्याच वर्षी याच्या उलट अनुभवही आला. एका वैद्यांची नोंदणी कधीही खंडित झाली नव्हती. दर पाच वर्षांनी ती नियमाने नूतन होत होती. प्रत्यक्षात ते जवळजवळ पंधरा वर्षे अन्य व्यवसायात होते. पुढे त्यांनी पुन्हा पाटी लावली आणि संधिवाताच्या एका रुग्णास पायांवर पिंडस्वेद दिला. रुग्ण जुना मधुमेही होता. त्याच्या पायांची संवेदना बोथट झालेली होती, त्यामुळे पोटली किती तापली आहे हे त्याला कळले नाही आणि वैद्यांनी ते पाहिले नाही. पाय भाजून फोड आलेल्या अवस्थेत तो रुग्ण आमच्याकडे आला. त्या वैद्यांचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. ते सज्जन आहेत आणि त्यांना या गोष्टीचे मनापासून वाईट वाटले. परंतु सुज्ञ वाचकांनी दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या भगिनींचे नाव मध्यंतरी नोंदवहीवर नव्हते आणि त्या सावध होत्या. दुसऱ्यांचे नाव एक दिवसही खंडित नव्हते आणि रुग्णास इजा त्यांच्या हातून झाली. नोंदवही या दोघांविषयी आपणांस जे सांगत होती, ते वस्तुस्थितीच्या अगदी उलट होते.

नोंदणीचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. या राज्यात वैद्यांची नोंद होऊ लागली ती १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी अधिनियमामुळे. त्या काळी वैद्यकास कायद्याची मान्यता मिळवण्यासाठी आपल्या पूर्वसूरींना मोठा झगडा करावा लागला होता. पुढे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ आला. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे कामकाज त्याच्या आधारे चालते, आणि त्यातील कलम ३३ नोंदणीवाचून वैद्यक करण्यास मनाई करते. केंद्रात १९७० चा भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियम झाला. त्याची जागा २०२० च्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियमाने घेतली आणि २०२१ मध्ये नवा आयोग कार्यरत झाला. एवढ्या वाटचालीतून उभी राहिलेली नोंदवही ही आपली प्रतिष्ठा आहे. भोंदूपासून वैद्य वेगळा ओळखला जातो तो तिच्यामुळे.

तथापि नोंदवही एकाच प्रश्नाचे उत्तर देते: हा मनुष्य विहित शिक्षण घेतलेला आहे काय? तो आज रुग्ण पाहतो काय, शेवटचे पंचकर्म त्याने कधी केले, हे तिला ठाऊक नसते. अर्ज, शुल्क, फार तर काही तासांच्या व्याख्यानांची प्रमाणपत्रे यांवर नाव जिवंत राहते. व्याख्यान ऐकल्याने ज्ञान ताजे होते हे खरे, पण बस्तीनेत्र धरण्याचे कौशल्य सभागृहातील खुर्चीवर बसून परत येत नाही.

आपल्या शास्त्रकारांना हा भेद पूर्णपणे ज्ञात होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्यासूत्रीय आणि दहावा विशिखानुप्रवेशनीय आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे असे आम्ही मानतो. व्यवसायाच्या मार्गावर पाऊल टाकण्यापूर्वी वैद्याने शास्त्राचे अध्ययन केलेले असावे, त्याचा अर्थ जाणलेला असावा, कर्म पाहिलेले असावे, योग्या केलेली असावी आणि राजाची अनुज्ञा घेतलेली असावी, असे दहावा अध्याय सांगतो. राजाची अनुज्ञा म्हणजे आजची नोंदणी. ती आवश्यक गोष्टींमध्ये गणलेली आहे, परंतु ती एकटी पुरेशी आहे असे कोठेही म्हटलेले नाही. आपण मात्र यादीतील शेवटची अट कायद्याने बंधनकारक केली आणि योग्या ही आंतरवासितेच्या एका वर्षात कायमची संपते असे गृहीत धरले.

योग्या म्हणजे काय हेही त्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा. वेधनाचा सराव मृत जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा. बंधनाचा सराव कापडाच्या पुतळ्यावर करावा. बस्तीनेत्र योजण्याचा आणि बस्ती दाबण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घड्याच्या कुशीतील छिद्रावर आणि दुध्याच्या मुखावर करावा. शास्त्र मुखोद्गत असलेल्या शिष्यासाठीच हा उपदेश आहे. पाठांतर असूनही ज्याने योग्या केली नाही तो कर्माच्या वेळी अयोग्य ठरतो, हा त्याचा मथितार्थ. चरकाचार्यांनीही उत्तम वैद्याच्या चार गुणांमध्ये निर्मळ शास्त्रज्ञानाच्या जोडीला वारंवार कर्म पाहिलेले असणे हा गुण स्वतंत्रपणे सांगितला आहे. वारंवार पाहण्यात अकरा वर्षांचा खंड पडला, तर तो गुण क्षीण होणार हे सांगण्यास भाष्यकाराची गरज नाही.

शेजारच्या व्यवसायांकडे पाहणेही येथे उपयुक्त ठरेल. भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्यांना आपण फिजिओथेरपिस्ट म्हणतो, ते आपल्याप्रमाणेच हातांनी काम करणारे. त्यांच्या शिक्षणाचा पाया मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० च्या दशकात घातला गेला. महाराष्ट्राने त्यांच्यासाठी व भौतिकोपचाराच्या भगिनी-शाखेसाठी २००२ चा स्वतंत्र परिषद अधिनियम केला आणि २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्रीय कायदाही झाला. या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी आहे, त्यामुळे खंड पडण्याचा प्रश्न त्यांच्याकडेही आहेच. परदेशांत त्यावर काही उपाय शोधले गेले. अमेरिकेतील अनेक राज्यांत भौतिकोपचारतज्ज्ञास आपला परवाना 'स्थगित' ठेवता येतो. नाव राहते, पण रुग्णास हात लावता येत नाही, आणि परत येताना अद्ययावत शिक्षण दाखवावे लागते. ब्रिटनच्या नियामक परिषदेने अनेक वर्षे एक सोपा हिशोब चालवला: दोन वर्षांपर्यंतच्या खंडास काही अट नाही, दोन ते पाच वर्षांच्या खंडास तीस दिवसांची उजळणी, आणि त्याहून अधिक खंडास साठ दिवसांची. या उजळणीत कोणाच्या देखरेखीखाली केलेले काम, विधिवत अभ्यास आणि काही प्रमाणात स्वतःचे वाचन असे तिन्ही धरले जाई. आमच्या दृष्टीने यातील विशेष असा की त्यात परीक्षा नव्हती आणि अपमानही नव्हता. थांबलेल्याला तू अपात्र झालास असे कोणी म्हणत नव्हते. किती दिवस सराव करून यायचे, एवढेच आधी ठरलेले होते.

आपल्याकडे अशी रीत नसल्याने काय बिघडते, हे निफाडसारख्या तालुक्यात बसल्यावर रोज दिसते. येथील रुग्ण दहा वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या स्त्रीची मान आणि खांदा, लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाची कटी, गोदाकाठच्या थंडीत पहाटे पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याचे गुडघे, हे वातव्याधी जुनेच आहेत. परंतु त्याच हमालाच्या हृदयात आज स्टेंट असतो आणि खिशात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात. त्याला जळू लावण्यापूर्वी त्या गोळ्यांची विचारपूस केली नाही, तर रक्तस्राव आवरणे कठीण होईल. त्याच स्त्रीस मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही असतात. तिचे स्नेहपान वा विरेचन ठरवताना चालू औषधांचा विचार करावाच लागतो. जो वैद्य रोज रुग्ण पाहतो, त्याच्या अंगी ही सावधगिरी अनुभवाने भिनते. दहा वर्षांनी परत येणाऱ्यास ती कोणी दाखवली तरच समजेल.

नियमही बदलले आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम २०१६ मध्ये आले. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याचा केंद्रीय कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. २०२० च्या महामारीत दूरध्वनीवरून व चित्रफितीद्वारे सल्ला देण्याविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधिवर्गीकरणात आयुर्वेदीय संज्ञांचा विभाग २०२४ मध्ये समाविष्ट झाला. ज्या भगिनीने २०१२ च्या सुमारास दवाखाना बंद केला, तिच्यासाठी ही सर्वच नवी भूमी आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी घेतला. ते म्हणाले, "आधीच स्त्री वैद्यांवर घरचे ओझे आहे. तुम्ही परत येण्याच्या वाटेवर आणखी एक नाका उभारता. ज्या आज येतात त्याही येणार नाहीत." हा आक्षेप गंभीर आहे आणि आम्ही तो हलक्याने घेत नाही. अट आधी आणि सोय नंतर असा क्रम ठेवला, तर ही भीती निश्चितच खरी ठरेल. म्हणूनच आमचा आग्रह आहे की सोय आधी व्हावी आणि अट, लावायचीच झाली तर, नंतर लागावी. आम्हांस भेटलेल्या भगिनी नाका चुकवायला आल्या नव्हत्या, त्या वाट विचारायला आल्या होत्या. बसायला जागा मिळाली तर परत येणाऱ्यांची संख्या वाढेल असे आम्हांस वाटते. जागा न मिळाल्याने औषधविक्रीच्या दुकानात वा शाळेत नोकरी धरून वैद्यकास कायमचा रामराम ठोकलेल्या भगिनी प्रत्येकाच्या परिचयात असतील. ग्रामीण भागातील स्त्री रुग्ण आपली तक्रार स्त्री वैद्यालाच मोकळेपणी सांगते. त्यामुळे ही हानी केवळ त्या भगिनींची राहत नाही.

दुसरा आक्षेप परवाना-राज्याचा. आणखी एक कागद, आणखी एक शिक्का, आणखी हेलपाटे. ही धास्ती अनुभवातून आलेली आहे, हे मान्य. यास्तव उजळणीचे काम सरकारी कचेरीकडे न देता आपल्याच व्यवसायबंधूंकडे ठेवावे, असे आम्ही सुचवतो.

तिसरा आक्षेप फारसा बोलून दाखवला जात नाही, पण मनात असतो: आयुर्वेद शाश्वत आहे, एकदा शिकलेला वैद्य तो कायमचाच वैद्य. शास्त्र शाश्वत आहे हे आम्हीही मानतो. परंतु शास्त्र शाश्वत असले म्हणून वैद्याचा हात शाश्वत ठरत नाही. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, या दोघांनाही सुश्रुताचार्यांनी एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे, याचे स्मरण ठेवावे.

आमच्या सूचना थोडक्यात अशा.

एक, राज्याच्या नोंदवहीत 'स्थगित' असा स्वतंत्र वर्ग असावा. जो वैद्य काही काळ रुग्ण पाहणार नाही, त्याने स्वतःहून तसे कळवावे. त्याचे शुल्क नाममात्र असावे, नाव व क्रमांक सुरक्षित राहावा आणि स्थगितीचा काळ कलंक मानला जाऊ नये. नोंदवहीवर नाव चालू ठेवून पंधरा वर्षे रुग्ण न पाहणाऱ्यालाही हा मार्ग प्रामाणिकपणे स्वीकारता येईल.

दोन, तालुका पातळीवर 'पुनर्योग्या' सुरू व्हावी. पाच वर्षांहून अधिक खंड पडलेल्या वैद्याने अनुभवी वैद्यापाशी साठ अर्धदिवस बसावे. वेळ त्या व्यक्तीच्या घरच्या सोयीने ठरावी. सलग दिवसांचा आग्रह नको. या काळात स्नेहन, स्वेदन, बस्ती, रक्तमोक्षण अशा ठरावीक कर्मांची यादी करून प्रत्येक कर्म आधी पाहावे, मग देखरेखीखाली करावे आणि रोजनिशीत त्याची नोंद ठेवावी. येथे एक दक्षता अनिवार्य आहे. रुग्णास हात लावण्यापूर्वी नोंदणी पूर्ववत झालेली असलीच पाहिजे. ती झाली नसेल तोवर केवळ निरीक्षण आणि घड्यावरचा सराव.

तीन, नाशिकमधील आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी आपल्या पंचकर्म विभागांत अशा वैद्यांसाठी वर्षातून काही जागा राखाव्यात. पंचवटीतील गणेशवाडीच्या महाविद्यालयाला जुनी परंपरा आहे आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नाशिकमध्येच आहे. या उपक्रमास यापेक्षा सोयीचे स्थान राज्यात क्वचितच सापडेल.

चार, शेवटी परीक्षा नको. ज्येष्ठ वैद्याने पाहिलेल्या कर्मांची यादी आणि आपली स्वाक्षरी असलेले एक पत्र द्यावे, एवढे पुरे. ते पत्र प्रामाणिकपणे देणे ही त्या ज्येष्ठाची जबाबदारी राहील, आणि एखाद्या कर्मात अजून सराव हवा असेल तर तसे स्पष्ट लिहिण्याचे धैर्यही त्याने दाखवावे.

यांपैकी पहिल्या सूचनेस कायद्यात वा नियमांत बदल लागेल आणि त्यास कालावधी लागेल, याची आम्हांस कल्पना आहे. तिसरीसाठी संस्थाचालकांचे मन वळवावे लागेल. दुसरीसाठी मात्र कोणाच्याही अनुज्ञेची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी लागते ते आपल्या दवाखान्यात एक जादा खुर्ची आणि आपले ज्ञान हातचे न राखण्याची वृत्ती. गावात नवा वैद्य उभा राहिला तर आपले रुग्ण तुटतील, ही भीती काहींच्या मनात असेल. त्यांना आम्ही एवढेच सांगू की निफाड तालुक्यातील वातव्याधी दहा वैद्यांना पुरून उरतील इतके आहेत.

त्या भगिनींना आम्ही पुढच्याच सोमवारी बोलावले. आठवड्यातील तीन सकाळी त्या मुलांना शाळेत सोडून येतात. पहिल्या दोन आठवड्यांत रुग्णास हात न लावता त्यांनी मातीच्या घड्याला पाडलेल्या छिद्रावर बस्तीनेत्राचा सराव केला. आमच्या परिचारिकेला प्रथम त्याचे हसू आले. मग तीच घड्यात पाणी भरून देऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आमच्या समक्ष पहिली मात्राबस्ती दिली. हात किंचित कापत होता, पण रुग्णास विचारावयाचे प्रश्न एकही सुटला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी त्यांनी आम्ही आठवण करून देण्याआधीच विचारले. अद्याप वमनाची वेळ आलेली नाही. ती येईल तेव्हा आम्ही शेजारी उभे राहू.

एका खुर्चीने राज्याचा प्रश्न सुटत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक तालुक्यातील वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे. आपल्या परिसरात थांबलेले वैद्य कोण आहेत, त्यांची आस्थेने चौकशी करावी. आपण कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणास बसवून घेऊ शकाल, हे आपल्या तालुका शाखेस कळवावे. अशी नावे जमली तर पुढील अंकात त्यांची तालुकावार यादी छापता येईल. नियामक संस्थांकडे 'स्थगित' वर्गाची मागणी घेऊन जाताना केवळ निवेदन हाती असण्यापेक्षा अशी यादी हाती असणे अधिक बळाचे ठरेल. इत्यलम्.